आपलं आधार कुणाच्या ड्राइव्हमध्ये पडलंय?

फोनवर गुगलचं १५ जीबी भरल्याचा मेसेज यायला लागला की माणसाला अचानक प्रायव्हसी आठवते. तोपर्यंत सगळे फोटो, पॅनकार्ड, घराचं इंडेक्स टू, आईचे ब्लड रिपोर्ट, पोराची मार्कशीट सगळं एकाच ड्राइव्हमध्ये कोंबलेलं असतं आणि कुणाला काही वाटत नसतं. पण पैसे भरायची वेळ आली की चौकशी सुरू. कुठलं क्लाउड सेफ आहे, प्रोटॉन बरं का पीक्लाउड, मेगा २० जीबी फुकट देतं म्हणे ते चालेल का, जिओने १०० जीबी फुकट जाहीर केलंय तेच घेऊन टाकू का. गुगलने १ जून २०२१ पासून फोटोही त्या १५ जीबीत मोजायला घेतले तेव्हापासून ही चौकशी वाढतच चाललीये, आमच्या नाशिकमध्ये कॉलेज रोडला मिसळ खाताना पण ऐकू येते आणि कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर पण.

चौकशी चुकीची नाहीये. पण मला ती अर्धी वाटते. कारण आपण आपल्या फायली कुठे ठेवायच्या याची एवढी चिकित्सा करतो, पण आपले खाजगी कागद आपल्या एकट्याच्या क्लाउडमध्ये असतात कुठे? ते सीएच्या ऑफिसात आहेत, डॉक्टरच्या रिसेप्शनवरच्या फोनमध्ये आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या जीमेलमध्ये आहेत, क्लासवाल्याकडे आहेत, सीबीएस बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपमध्ये आहेत. तुम्ही स्वित्झर्लंडचं महागातलं क्लाउड घ्या, तुमचं आधार तरीही सिडकोतल्या कुणाच्या तरी डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेलं असणार आहे. म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारावा असं माझं म्हणणं आहे, किल्ली कुणाकडे आहे? स्वतःसाठी निवडताना तर विचाराच, पण आपले कागद मागणाऱ्याला पण विचारा, आणि दुसऱ्यांचे कागद आपण गोळा करत असू तर स्वतःला सगळ्यात आधी.

आता किल्लीचं काय ते नीट सांगतो कारण इथेच जाहिराती गोंधळ घालतात. प्रत्येक कंपनी लिहिते की तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बंद केलेला आहे, एईएस-२५६ आहे, मिलिटरी ग्रेड आहे. खोटं नाही ते. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हे सगळे फाइल नेताना पण कुलूप लावतात आणि त्यांच्या डिस्कवर ठेवताना पण लावतात. पण कुलूप त्यांचं आणि किल्ली पण त्यांचीच. बँकेच्या लॉकरला निदान दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली, इथे आपला पासवर्ड फक्त दारातून आत सोडण्यापुरता असतो, आतलं सगळं कंपनी तिच्या किल्लीने उघडून आपल्यापुढे ठेवते. म्हणून तर सर्चमध्ये लाइट बिल टाकलं की फोटोतलं लाइट बिल सापडतं, फोटोतला मजकूर त्यांच्या सर्व्हरने वाचलेला असतो. आणि दारावरचा पहारा चुकला तर काय होतं ते २०११ च्या जूनमध्ये ड्रॉपबॉक्सला दिसलं होतं, एका अपडेटमधल्या चुकीने जवळपास चार तास कुठल्याही अकाउंटला कुठलाही पासवर्ड चालत होता. फायली एन्क्रिप्टेडच होत्या हो तेव्हाही. पण सर्व्हरला वाटलं मालक आला, त्याने उघडून दिलं.

दुसरा प्रकार म्हणजे एंड टू एंड. यात फाइल आपल्या फोनवर किंवा लॅपटॉपवरच बंद होते, किल्ली तिथेच तयार होते आणि कंपनीकडे जातो तो नुसता गिचमिड मजकूर. प्रोटॉन ड्राइव्ह, ट्रेझॉरिट, फायलेन, मेगा ही या जातीतली नावं. ॲपलनेही डिसेंबर २०२२ पासून ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन नावाची सोय दिलीये, ती चालू केली की आयक्लाउडमधले फोटो, ड्राइव्ह आणि फोनचा बॅकअप यांची किल्ली ॲपलकडे राहत नाही, पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला चालू करावी लागते, आपोआप नसते, आणि मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर तरीही त्यातून बाहेरच राहतात. व्हॉट्सॲपचं पण तेच. चॅट एंड टू एंड आहे म्हणून आपण निवांत, पण त्याचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप कितीतरी वर्षं तसा नव्हता, २०२१ च्या ऑक्टोबरपासून सोय आली, तीही आपण चालू केली तर. तुमच्या फोनमध्ये चालू आहे का बघा एकदा.

हे सगळं तपासायला इंजिनिअर असायची गरज नाही. कंपनीला एकच विचारायचं, मी पासवर्ड विसरलो आणि तुम्ही दिलेला रिकव्हरी कोडपण हरवला, तर माझ्या फायली परत मिळतील का? हो म्हणाले तर किल्ली त्यांच्याकडे आहे, मग वेबसाइटवर कुलपाचं कितीही मोठं चित्र असू द्या. नाही म्हणाले तर शक्यता आहे की खरंच तुमच्याकडे आहे.

पण इथेच प्रायव्हसीवाले लोक अर्धं सांगून पुढे जातात, आणि मला त्यांचा राग येतो तो याच्यावरून. किल्ली तुमच्याकडे याचा अर्थ हरवली तर कुणीही उघडून देणार नाही. कस्टमर केअर नाही, कोर्टाची ऑर्डर नाही, कंपनीचा मालक नाही. आपल्या घरांमध्ये पासवर्डची काय अवस्था असते ते माहितीये सगळ्यांना. आजोबांचा जीमेल नातवाने काढून दिलेला, नातू पुण्याला किंवा टोरांटोला, ओटीपी येतो बंद पडलेल्या नंबरवर. अशा घरात जाऊन सगळं एंड टू एंड करा म्हणणं म्हणजे उद्या काकांचं काही बरंवाईट झालं की तीस वर्षांचे फोटो त्यांच्याबरोबरच गेले. बहुतेक घरांना हेराची भीती फार कमी असते, खरी भीती असते ती स्वतःच बाहेर अडकून पडायची. गुगलकडे इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, ॲपलकडे लेगसी कॉन्टॅक्ट आहे, आपल्यानंतर कुणाला काय मिळावं ते आधीच लिहून ठेवता येतं. किती जणांनी भरलंय? आणि गुगल आता दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट काढून टाकू शकतं, ते धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, त्यामुळे गेलेल्या माणसाचं अकाउंट तसंच राहील असं समजून बसू नये.

याची दुसरी बाजू पण आहे. किल्ली कंपनीकडे असली तरी बाहेर अडकायची वेळ येतेच, फक्त कारण वेगळं. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाची गोष्ट बातम्यांमध्ये आली होती, लहान मुलाला दुखत होतं म्हणून डॉक्टरला दाखवायला त्याने फोटो काढले, फोटो आपोआप गुगलवर गेले, तिथल्या तपासणीने ते मुलांच्या शोषणाचे म्हणून पकडले आणि अकाउंट बंद. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही म्हणून सांगितलं तरी गुगलने अकाउंट परत दिलं नाही, मेल, कॉन्टॅक्ट, फोटो, आणि फोन नंबरपण गुगलच्याच सेवेचा असल्यामुळे तोही गेला. अशी तपासणी असावी का नसावी हा मोठा वाद आहे आणि मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. मला त्यातलं एवढंच दिसतं की एका माणसाचं सगळं आयुष्य एका लॉगिनला टांगलेलं होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे, सगळं एका पारड्यात टाकायचं नाही. लग्नाचे, बारशाचे, त्र्यंबकच्या ट्रिपचे फोटो साध्या क्लाउडवर राहू द्या, ते शोधता आले पाहिजेत आणि घरातल्या कुणालाही सापडले पाहिजेत. पण आधार, पॅन, पासपोर्ट, मृत्युपत्राचा मसुदा, मेडिकल फाइल, प्रॉपर्टीचे कागद, बँकेची स्टेटमेंटं, हा गठ्ठा लहान असतो, एक-दोन जीबी पण होत नाही, तो मात्र स्वतःच्या किल्लीत ठेवावा आणि ती किल्ली कागदावर लिहून घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवावी. हो, कागदावर. जळगाव किंवा झारखंडमध्ये बसलेला भामटा तुमच्या गोदरेजच्या कपाटातला कागद वाचू शकत नाही.

आता नावं विचाराल तर, प्रोटॉन ड्राइव्ह मला घरगुती वापराला बरं वाटतं, ॲप ओपन सोर्स आहेत म्हणजे आतला कोड कुणालाही तपासता येतो, फाइलची नावंसुद्धा बंद होतात, ५ जीबीपर्यंत फुकट मिळतं. पीक्लाउडवाले आयुष्यभराचा प्लॅन विकतात आणि लोक त्याला भुलतात, पण कुणाच्या आयुष्यभराचा, आपल्या का कंपनीच्या? वुआला नावाची चांगली स्विस सेवा होती ती २०१५ मध्ये बंद झाली. शिवाय पीक्लाउडमध्ये खरं एन्क्रिप्शन हे वेगळे पैसे भरून घ्यायचं कलम आहे, हे बरेच जण नंतर वाचतात. आणि एंड टू एंड लिहिलंय म्हणजे झालं असंही नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मेगाच्या एन्क्रिप्शनमध्ये गंभीर दोष दाखवले, आणि २०२४ मध्ये सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेझॉरिट या पाच सेवा तपासल्या, तर त्यातल्या ट्रेझॉरिटची स्थिती त्यातल्या त्यात बरी निघाली, बाकी चौघांमध्ये सर्व्हर कुणा वाईट माणसाच्या ताब्यात गेला तर फायलींशी छेडछाड करता येईल असे दोष सापडले. यावर उपाय म्हणून मला स्वतःला जे सगळ्यात पटतं ते म्हणजे क्रिप्टोमेटर. जर्मन लोकांचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर फुकट, ते काय करतं की तुमच्या आहे त्याच गुगल ड्राइव्हमध्ये एक तिजोरी बनवतं, आतली प्रत्येक फाइल आधी तुमच्या मशीनवर बंद होते आणि मग वर जाते. गुगलला दिसतात नुसती अगम्य नावं. म्हणजे क्लाउड बदलायचंच नाही, नवीन कंपनीवर विश्वास ठेवायचा नाही, महिन्याचा खर्च वाढवायचा नाही. घरी नेक्स्टक्लाउड टाकून स्वतःचा सर्व्हर चालवणारे पण मित्र आहेत माझे, हौस म्हणून उत्तम, पण लाइट गेली की वायफाय गेलं आणि वायफाय गेलं की क्लाउड गेलं, वर अपडेट करायचं राहिलं तर दार सताड उघडं. ज्याला त्याची आवड आहे त्यानेच करावं.

आणि टू फॅक्टर लावा, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी, तेपण एसएमएसवर नको, ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी. याच्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

मग येतो देशी-परदेशीचा मुद्दा, तो हल्ली जोरात आहे. डेटा भारतात पाहिजे, स्वदेशी कंपनीकडे पाहिजे. भावना समजते मला. अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड ॲक्ट त्यांच्या कंपन्यांकडून डेटा मागू शकतो, मग तो सर्व्हर कुठल्या का देशात असेना, आणि २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकन सरकारची पाळत जी बाहेर काढली त्यानंतर अमेरिकन कंपन्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं कोण म्हणेल. पण आपल्याकडेही आयटी कायद्याचं कलम ६९ आहे, सरकारने सांगितलं तर डेटा उघडून द्यावा लागतो आणि मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्व्हर मुंबईतून चेन्नईला नेला म्हणून यात काय बदलतं? जिच्याकडे किल्ली आहे ती कंपनी कुठल्याही देशातली असो, तिथलं सरकार मागणार आणि ती देणार. जिच्याकडे नाही तिला देता येत नाही. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशावरून प्रोटॉनला त्यांची मेल वापरणाऱ्या एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट कुठून वापरलं तो पत्ता, द्यावा लागला, लोकांनी फार आरडाओरडा केला, पण मेलमधला मजकूर ते देऊ शकले नाहीत. म्हणजे कोण, कधी, कुठून आला हे कळतं, आत काय लिहिलं ते नाही. हा फरक समजून घेऊन वापरावं. आणि ब्रिटनने २०२५ च्या सुरुवातीला ॲपलवर असा काही दबाव आणला की ॲपलने तिथल्या नव्या ग्राहकांसाठी ती ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शनची सोयच काढून घेतली. तेव्हा किल्ली आपल्याकडे राहील की नाही हे शेवटी कायदाच ठरवतो आणि कायदा कुणी करायचा ते आपण ठरवतो, त्यामुळे हा विषय नुसता ॲप निवडण्याचा राहत नाही.

पण क्लाउड नकोच, कागदच बरा, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. गोदावरीच्या काठच्या शहरात तरी नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर इथे पूर मोजतात, २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजार, भांडी बाजाराकडे पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या फायलींचं काय होतं ते दुकानदारांना विचारा. आणि क्लाउडवर टाकलं म्हणजे आता काळजी नाही असंही नाही, क्लाउड म्हणजे कुठेतरी असलेली एक इमारतच आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी नोकरांचं जी-ड्राइव्ह नावाचं क्लाउड होतं ते ८५८ टेराबाइटसकट गेलं, बाहेर बॅकअपच नव्हता. कोरियासारखा देश! त्यात सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप एकसारखं ठेवणं, हा बॅकअप नाही हे अजून लोकांच्या लक्षात येत नाही, फोनवरून फाइल उडवली की क्लाउडवरूनही उडते, गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि मग खल्लास. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी.

हे सगळं झालं स्वतःच्या फायलींचं. आता मला जे खरं बोलायचंय ते.

आपल्या शहरात दुसऱ्यांचे कागद गोळा करणारे किती लोक आहेत ते मोजून बघा. एखादा टॅक्सचं काम करणारा, त्याच्याकडे दोन-तीनशे जणांचे पॅन, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, आणि खूप ठिकाणी इन्कम टॅक्स पोर्टलचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये, ती शीट ऑफिसातल्या सगळ्या पोरांना शेअर केलेली, सोडून गेलेल्या पोरांना पण. गंगापूर रोडला एखादा दवाखाना, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणतात, तो नंबर रिसेप्शनवरच्या ताईंचा स्वतःचा, तिचा फोन तिच्या गुगल फोटोला जोडलेला, म्हणजे तुमच्या बायकोची सोनोग्राफी तिच्या घरच्या फोटोंमध्ये जाऊन बसली. तिची काय चूक त्यात, तिला डॉक्टरने वेगळा फोन दिलेलाच नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षवाले निर्यातीच्या नोंदणीसाठी सातबारा, आधार, पासबुक देतात, ते मधल्या माणसाच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं. क्लासवाले ॲडमिशनला मुलाचं आधार आणि बापाचा उत्पन्नाचा दाखला गुगल फॉर्ममधून घेतात आणि ते फोल्डर 'लिंक असलेला कुणीही' असं उघडं ठेवतात कारण मग ॲक्सेस मागणारे मेल येत नाहीत. सेतूवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर कधी उघडून बघा, शेकडो ई-आधारच्या पीडीएफ, आणि त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. शेजाऱ्यालाही माहीत असलेला पासवर्ड.

आणि आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत जो तो होमस्टे काढतोय, लॉज वाढतायत, येणाऱ्या प्रत्येकाकडून आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवणार. लाखो लोकांचे ओळखपत्र कुणाच्या कुणाच्या खाजगी फोनमध्ये जमा होणार आणि कुंभ संपल्यावर कोण पुसणार? मे २०२२ मध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने सांगितलं होतं की हॉटेल, थिएटर यांसारख्या विनापरवाना खाजगी संस्थांनी आधारची प्रत घेऊन ठेवू नये, मास्क्ड आधार द्यावं ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दोन दिवसात ते पत्रक मागे घेतलं, गैरसमज होईल म्हणून. माझ्या मते गैरसमज पत्रक मागे घेतल्याने जास्त झाला. मास्क्ड आधारची सोय मात्र आहेच, कुणी बंद केलेली नाही, ती वापरायला पत्रक लागत नाही.

नाशिककरांना तर हे जास्त कळायला पाहिजे. नाशिकरोडला नोटा छापतात, पासपोर्ट छापतात, आत जायचं म्हटलं तर केवढा बंदोबस्त. आणि तरीही तेलगीने नव्वदच्या दशकात काय केलं, तर त्याच प्रेसमधनं भंगारात निघालेली मशिनं मिळवली आणि त्यावर खोटे स्टॅम्प पेपर छापले. पुढच्या दाराला पहारा आणि मागच्या दाराने भंगार बाहेर. डेटाचं पण असंच होतं बहुतेक वेळा, जुना लॅपटॉप विकला, रिसेप्शनिस्ट सोडून गेली, सेक्रेटरी बदलले, आणि त्यांच्याबरोबर अकाउंट पण गेलं.

यावर लोक म्हणतात की छोट्या डॉक्टरला, छोट्या सीएला हे कुठलं परवडणार. मला हे पटत नाही. क्रिप्टोमेटर फुकट आहे. कामाचा वेगळा फोन आणि वेगळं अकाउंट ठेवायला काही लाख लागत नाहीत. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काम झालं की फाइल उडवणं, त्याला तर शून्य रुपये लागतात. अडचण पैशाची नसून आपण दुसऱ्याच्या कागदाला आपला माल समजतो ही आहे. एकदा आला की असू दे, लागेल कधीतरी. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, पण आपल्याकडे अजून मागणारा जोरात आणि देणारा गुमान.

कायदा नाही असंही म्हणता येत नाही आता. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या आसपास लागू होतील. बरोबर सिंहस्थाच्या तोंडावर. सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. घरगुती वापराला सूट आहे, पण दवाखाना, क्लास, लॉज हा घरगुती वापर नव्हे. सरकारने स्वतःसाठी मोठ्या सवलती ठेवल्यात त्याच्यात, ते मला अजिबात आवडलेलं नाही, आणि २५० कोटींचा आकडा पंचवटीतल्या होमस्टेवाल्याला घाबरवायला निरुपयोगी आहे, तो म्हणेल हे कंपन्यांसाठी असेल. त्यापेक्षा सिंहस्थासाठी लॉज-होमस्टेला नोंदणी देतानाच प्रशासनाने एक अट घालावी, ओळखपत्र बघा, गरज असेल तेवढी नोंद करा, आधार मास्क्डच घ्या, आणि ठरलेल्या मुदतीत पुसा. एका पानाची अट आहे. पोलिसांना जी माहिती लागते ती तरीही मिळेल.

आणि आपल्या पातळीवर तर उद्यापासून करता येतं. कागद मागितला की विचारायचं, कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी काढणार. सुरुवातीला लोक वेड्यासारखे बघतात, एका क्लासमध्ये मला "सर एवढं कोणी विचारत नाही" असं ऐकवलंय, पण शेवटी त्यांनी मास्क्ड आधार घेतलं की नाही, घेतलं. आमच्या सोसायटीत सगळ्या सभासदांचे आणि भाडेकरूंचे ॲग्रीमेंट, आधार, फोटो हे आधीच्या सेक्रेटरींच्या खाजगी जीमेलवर आहेत, ते फ्लॅट विकून इंदिरानगरला राहायला गेले, माणूस सज्जन आहे पण अकाउंट त्यांचंच आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतोय की सोसायटीच्या नावाने वेगळं अकाउंट काढायचं, आत क्रिप्टोमेटरची तिजोरी, पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्ष आणि खजिनदार दोघांकडे, आणि सोडून गेलेल्या भाडेकरूंचे कागद जेवढे दिवस कायद्याने ठेवायचे तेवढेच. सध्याच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे की काका, हे जास्त होतंय, लिफ्टचा विषय आधी घेऊ. घ्या लिफ्टचा आधी, पण दुसरा नंबर माझा आहे.